नको कुणाला? हवा कुणाला?

संत योहान बाप्तिस्ता ह्याचा जन्म, २४ जून
पहिले वाचन: यशया ४९:१-६
प्रतिसाद स्तोत्र: १३९
दुसरे वाचन: प्रेषितांची कृत्ये १३:२२-२६
शुभवर्तमान: लूक १:५७-६६, ८०



आज देऊळमाता संत योहान बाप्तिस्ता ह्याच्या जन्माचा सोहळा साजरा करीत आहे. संतांचे सण आपण बहुधा त्यांच्या मरणाच्या दिवशी पाळतो, कारण तो त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस. पृथ्वीवरचा वाढदिवस उपासनेत फक्त तिघांचा साजरा होतो: २५ डिसेंबरला प्रभू येशूचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा आणि आज योहानाचा. तारीखही लूकच्या शुभवर्तमानावरूनच आली आहे. गाब्रिएल दूत मरियेला सांगतो, की अलिशिबेला सहावा महिना लागला आहे. म्हणून नाताळच्या साधारण सहा महिने आधी हा सण.

आज तुमच्या फोनवर गोव्याच्या सांजांवच्या रील्स येतीलच. डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून पोरं धडाधड विहिरीत उड्या मारतात. मरियेचा आवाज ऐकून अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, तिची ही आठवण. जरूर बघा, मजा येते. पण आजच्या वाचनात ती उडी नाही. आजच्या वाचनात बारसं आहे.

आठवा दिवस. सुंतेचा विधी. शेजारीपाजारी, नातेवाईक जमलेत आणि नाव सगळ्यांनी आधीच ठरवलेलं आहे: बापाचं, म्हणजे जखऱ्या. हे वाचताना मला आपल्याकडचं बारसं दिसतं. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. पण त्याआधी आठवडाभर त्या नावावरून घरात काय काय झालेलं असतं, ते घरच्यांनाच ठाऊक. आपल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांतही बाप्तिस्म्याखेरीज पाळण्याची हौस होतेच. बाळंतिणीला मात्र कुणी विचारत नाही. लूकच्या गोष्टीत ती बाळंतीणच बोलते. नाही म्हणते, आणि बाळाला योहान म्हणायचं असं सांगते. लगेच नातेवाईकांचा आक्षेप: तुमच्या घराण्यात हे नाव कुणाचंच नाही! मग बाईचं ऐकायचं सोडून ते बापाला खुणा करून विचारतात. जखऱ्याची वाचा गेलेली आहे. तो पाटी मागवतो आणि लिहितो. बघा, योहान हे नाव 'ठेवा' किंवा 'ठेवावं' असं तो लिहीत नाही. नाव योहान 'आहे' असं लिहितो. ठरवणारा तो नाहीच. दूताने नाव आधीच सांगितलेलं आहे, जखऱ्या फक्त त्यावर सही करतो. त्याक्षणी त्याची जीभ मोकळी होते.

योहान म्हणजे देव कृपाळू आहे.

माझं माहेर सातारा, सासर सांगली. रविवारच्या मिस्सेनंतर दृढीकरणाच्या तयारीचा वर्ग घेते. मुलं आठवी-नववीतली. मागच्या वर्षी हाच उतारा शिकवत होते. शेजाऱ्यांना फार आनंद झाला, इथपर्यंत आले, तर मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, मुलगी झाली असती तर आले असते का ते सगळे?"

वर्गात हशा पिकला. ती हसली नाही.

लूकने त्याचं उत्तर दिलेलं नाही, आणि मीही ओढूनताणून देणार नाही. त्याने रंगवलेले शेजारी मात्र माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. म्हातारपणी मूल झालं म्हणून आलेले, घराण्याचं नाव पुढे चालणार म्हणून खूश असलेले, आणि ते नाव पुढे चालत नाही असं कळताच कपाळाला आठ्या घालणारे. तिचा प्रश्न आजच्या सणाच्या बाहेरचा नाही, असं मला वाटतं. तो सणाच्या मधोमध आहे.

तुमच्यातले बरेच जण २०११ साली शाळेत होते, काही तर अगदी लहान. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला साताऱ्यात एक सामूहिक बारसं झालं. जिल्ह्यातल्या २८५ मुलींना नवी नावं मिळाली. त्यांची जुनी नावं सगळ्यांची जवळजवळ एकच होती: नकुशा, नकुसा, नकोशी. दुसरी-तिसरी मुलगी झाली, की घरातलं कुणीतरी म्हणायचं, आता पुरे, नको. आणि तेच नाव. अशी समजूतही होती, की हे नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो. जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांनी अशा मुली शोधून काढण्याचं काम हाती घेतलं. त्या दिवशी मुली चांगले कपडे घालून, वेण्या-रिबिनी घालून आल्या आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र नि फुलं घेऊन गेल्या. कितीकींनी नाव स्वतःच निवडलं होतं. काहींनी नटीचं निवडलं. मला हे फार आवडतं. नाव ठेवायची पहिलीच संधी मिळाली, तर पोरगी थेट ऐश्वर्या का होणार नाही!

हा तोच जिल्हा, जिथे नायगावला ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई जन्मल्या.

आता कुणी म्हणेल, वाईट नावं तर आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. आहेतच. धोंडू, दगडू, कचरू, भिकू. मुलं जगत नसत, म्हणून पुढच्याला मुद्दाम हलकं नाव द्यायचं, म्हणजे मरणाची नजर पडणार नाही. दगडासारखा टिकू दे, केरासारखा दुर्लक्षित राहू दे. त्या नावात आईची भीती आहे आणि त्या भीतीत माया आहे. दगडूला हाक मारताना आई मनात म्हणते, हा राहू दे. नकुशाला हाक मारताना घर म्हणतं, ही आली कशाला. दोन्ही नावं ऐकायला सारखीच ओबडधोबड, पण एक दार आतून बंद करतं आणि दुसरं बाहेरून.

आपल्या मराठीत 'नको' हा शब्द एकटा कधी उभा राहत नाही. मला नको, तिला नको, बाबांना नको. कुणाला तरी नको असतं. 'नकुशा' म्हणताना तो 'कुणाला' गुपचूप गाळला जातो. आजोबांना नको होती, बापाला नको होती, आईला सासूच्या धाकाने नको म्हणावं लागलं, हे सगळं पुसून फक्त 'नको' तेवढं मुलीच्या अंगावर चिकटवलं जातं. जणू नको असणं हा तिच्या नाकाडोळ्यांसारखा तिचाच गुण. खरं तर ते नाव तिचं वर्णनच नाही. ते तिच्या घरच्यांचं वर्णन आहे, फक्त शाळेच्या हजेरीपटावर ते तिच्या पुढे लिहिलेलं आहे.

बायबलला असली नावं माहीत आहेत. राहेल बाळंतपणात मरता मरता आपल्या मुलाचं नाव बेनओनी ठेवते, माझ्या दुःखाचा मुलगा. याकोब ते बदलतो आणि बन्यामीन म्हणतो, उजव्या हाताचा मुलगा. याकोबाचं राहेलवर किती प्रेम होतं ते तुम्हाला माहीत आहे. तरी तिचा शेवटचा शब्द त्याने त्या पोराच्या गळ्यात बांधला नाही. आईचं दुःख खरं होतं, पण ते मुलाचं नाव नव्हतं.

होशेय संदेष्ट्याची गोष्ट याहून अवघड. त्याला मुलगी होते आणि तिचं नाव लो-रुहामा ठेवायला देवच सांगतो. अर्थ: जिच्यावर दया झालेली नाही. म्हणजे जवळजवळ नकुशाच! ते नाव मुलीविषयी नव्हतं, देवाला सोडून गेलेल्या इस्राएलविषयी होतं, असं भाष्यकार सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला ती मुलगी दिसते. खेळताना तिला हाक मारायची झाली तर शेजारची पोरं काय म्हणत असतील? राष्ट्राच्या पापाची पाटी एका लहान मुलीच्या गळ्यात. हा भाग मी वर्गात घाईने उरकत नाही, आणि गोड करूनही सांगत नाही. एवढंच दाखवते, की पुढच्याच अध्यायात तोच देव त्या नावातला 'लो', म्हणजे 'नाही', काढून टाकतो. रुहामा. दया झालेली. नाव बदलण्याचं काम बायबलमध्ये आपण समजतो त्यापेक्षा फार जास्त वेळा होतं, आणि त्यातलं बरंचसं देव स्वतः करतो.

मग साताऱ्यात झालं ते पुरे का? कागदावरचं नाव एका दिवसात बदलतं. हाक बदलायला वेळ लागतो. नाव ठेवणं स्वस्त आहे, ते नाव निभावणारं घर मिळणं महाग. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये एका विधवेचं मूल दत्तक घेतलं, ज्याला त्या काळच्या समाजात कुठेच जागा नव्हती. यशवंत नाव दिलं, शिकवलं, डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगात तो रोग्यांवर उपचार करत होता आणि सावित्रीबाई त्याच्यासोबत राबत होत्या. त्यातच त्या गेल्या. नाव तर त्याला दिलंच, पण त्याच्यामागे घरही उभं केलं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तो जरा अडचणीचा आहे. नकुशावर उपाय काय, असं विचारलं तर आपण पटकन म्हणतो, तिला हवीहवीशी करा. भिंतींवर, रिक्षांवर तशा ओळी असतात. मुलगी मारलीत तर सून कुठून आणाल, राखी कोण बांधेल, आई कुठून मिळेल. हेतू चांगला आहे, मी त्याला हसत नाही. पण ऐका ना नीट. ती जगावी, कारण ती कुणाची तरी बायको, बहीण, आई होणार आहे. 'हवी' हा शब्दही 'नको'सारखाच आहे. तोही एकटा उभा राहत नाही. कुणाला हवी? कशासाठी हवी? आज ज्याला हवी आहे त्याला उद्या नको झाली, तर?

आणि इथे योहानाकडे पुन्हा बघा, कारण तो बायबलमधल्या सर्वांत 'हव्या' असलेल्या मुलांपैकी एक आहे. म्हाताऱ्या आईबापांनी वर्षानुवर्षं मागितलेला. तुझी प्रार्थना ऐकली गेली, असं दूत जखऱ्याला सांगतो. मूल नाही म्हणून अलिशिबेने लोकांची किती बोलणी खाल्ली असतील! लूकने तिच्या तोंडी ते दुःख ठेवलेलं आहे. मग योहानाची किंमत तो हवा होता म्हणून आहे का? तसं असेल तर नकुशा हरलीच.

पण गोष्ट तशी जात नाही. मूल हवं होतं ते घराण्यासाठी. आपण ज्याला वंशाचा दिवा म्हणतो तो. आणि पहिलाच धक्का नावाचा. हे नाव वंशात नाही! मग शेवटच्या ओळीत तो मुलगा वाढतो आणि अरण्यात जातो. म्हाताऱ्यांची काठी व्हायला घरी थांबत नाही. बापाची याजकी चालवत नाही. त्याच्या बायकामुलांचा उल्लेख शुभवर्तमानात कुठेही नाही, आणि शेवटी हेरोदाच्या तुरुंगात त्याचं शीर जातं. वंशाचा दिवा विझला म्हणायचं. आणि नेमकं त्याच्याविषयी येशू काय म्हणतो? योहानच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडून बघा. येशू त्याला दिवाच म्हणतो, जळणारा आणि उजेड देणारा. आजच्या पहिल्या वाचनातही तेच आहे. आपल्याच वंशाला पुन्हा उभं करणं हे देवाला आपल्या सेवकासाठी अगदी किरकोळ काम वाटतं. तो त्याला सगळ्या राष्ट्रांचा उजेड करायला निघाला आहे.

म्हणजे हवा असलेल्या मुलालाही आईबापांच्या 'हवा' मधून सुटावं लागतं. जखऱ्या आणि अलिशिबेचं मोठेपण मला यात दिसतं. मुलगा मिळाला यात नाही, तो आपल्या उपयोगाचा ठरणार नाही हे पाटीवर लिहून दिलं यात. त्यांना तो हवा होता, पण त्यांच्या हवं असण्याआधी त्याला कुणीतरी नावाने ओळखत होतं. यशया तेच सांगतो, स्तोत्र १३९ तेच सांगतं. आईच्या पोटात, काळोखात, जिथे अजून कुणाची पसंती-नापसंती पोचलेली नाही, तिथे देव विणकऱ्यासारखा काम करतो आहे. तिथे 'हवी' नाही आणि 'नको'ही नाही, फक्त हाक आहे.

पण त्या काळोखातही आपली नापसंती पोचू लागली, हे सांगली जिल्ह्यात राहून कसं विसरू? मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी प्लास्टिकच्या पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण सापडले. एका तरुण बाईचा बेकायदा गर्भपात करताना मृत्यू झाला, आणि त्या तपासात हे उघड झालं. मुलीचा गर्भ आहे म्हणून पाडण्याचा तो धंदा होता. गर्भलिंग तपासण्यावर बंदी घालणारा कायदा १९९४ सालचा आहे. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या, आणि आमच्या जिल्ह्याचा आकडा राज्याच्याही खाली. नकुशाला निदान शिव्यासारखं का होईना, नाव मिळालं. म्हैसाळच्या ओढ्याकाठी तेवढंही नाही. आज मिस्सेत यशयाचं वाचन होताना माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही. ज्यांना आपण नाव दिलं नाही त्यांना ते मिळालंच नाही, की फक्त आपल्याला माहीत नाही? मी ख्रिस्ती आहे, म्हणून दुसरं मानते. पण ते मानल्याने त्या पिशव्या बांधणाऱ्यांचा, आणि बघून न बघणाऱ्या आपल्या सगळ्यांचा, हिशोब चुकता होत नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही पुण्या-मुंबईत, आमच्याकडे नकुशा वगैरे नसतं. नसेल. पण लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिताना तिला विचारलं होतं का, हे आपल्या मित्रांना कधीतरी विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या पोटात रात्री जो गोळा येतो तोही याच जातीचा आहे. मी कंपनीला हवा आहे का, त्या मुलीला हवा आहे का, घरच्यांना मी असा हवा होतो का. सतत कुणाच्या तरी 'हवा'वर उभं राहायचं म्हणजे पाय थरथरणारच. आजच्या वाचनातला सेवकही एका ओळीत म्हणतोच, की आपले कष्ट फुकट गेले. देवाने हाक मारलेल्यालाही तसं वाटतं. त्यामुळे तसं वाटलं तर घाबरू नका. फक्त तेच आपलं नाव आहे असं धरून बसू नका.

बाप्तिस्म्याच्या विधीत फादर आईबापांना अगदी पहिल्यांदा काय विचारतात, लक्ष दिलंय कधी? पाणी नंतर, तेल नंतर, श्रद्धा नंतर. आधी विचारतात, तुम्ही आपल्या बाळाला काय नाव देता? आणि सगळ्यांसमोर ते मोठ्याने सांगायचं असतं. कानात नाही.

येत्या रविवारी आमच्या देवळात एक बाप्तिस्मा आहे. मुलगी आहे, घरातली तिसरी. काल संध्याकाळी त्यांच्याकडे फॉर्म भरायला गेले होते. आईने सगळं भरलं होतं, नावाचा रकाना तेवढा मोकळा. आजी एक नाव म्हणते आहे, आत्या दुसरं, आणि सात वर्षांच्या मोठ्या बहिणीचा हट्ट आहे, की बाळाला ती रोज ज्या नावाने हाक मारते तेच ठेवायचं.